पियानोवर बकी

बँडचा गायक ब्रूस मरे होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण फ्रेडी मर्क्युरीची शाळा बघायला पाचगणीला जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं. १९५८ साली तिथल्या सेंट पीटर्स शाळेतल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे पुढे उभा राहून गायचा. डेरिक ब्रँच गिटार वाजवायचा, फरांग इराणी बेस, व्हिक्टरी राणा ड्रम. आणि पियानोवर फरोख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी, वय वर्षं १२. पुढचे दात बाहेर आलेले, म्हणून पोरांनी त्याचं नाव ‘बकी’ ठेवलेलं.

ज्याचा आवाज पुढे जगभरच्या स्टेडियमांनी ऐकला, तो आपल्या पहिल्या बँडचा गायक नव्हता. तो मागे बसून साथ करत होता. मला हे कळलं त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. शाळकरी पोरांच्या बँडकडे आपण एकतर पोरखेळ म्हणून बघतो, नाहीतर ‘पुढे कोण चमकणार’ या हिशेबानं बघतो. हेक्टिक्सची गोष्ट या दोन्ही नजरांना चुकीचं ठरवते.

वाई मागे पडली की पसरणीचा घाट सुरू होतो. वळणावळणानं कृष्णेचं खोरं खाली खाली जातं आणि धोमचं पाणी चमकायला लागतं. बकी या वाटेनं यायचा तेव्हा धोमचं धरण नव्हतं. खाली नुसती नदी आणि शेतं होती. दांडेघर, गोडवली, अमरळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज माणसानं वसवायला घेतली. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहणं कठीण, पाचगणीत मात्र बारा महिने राहता येतं, हा त्यामागचा साधा हिशेब. हवा चांगली म्हणून आजारी माणसं आली, पारशांचे बंगले आले आणि मग बोर्डिंगच्या शाळा आल्या. ‘तारे जमीन पर’मधला ईशान ज्या शाळेत एकटा पडतो, तिचं चित्रीकरणही पाचगणीतच, न्यू एरा शाळेत झालं. घरापासून लांब ठेवलेलं मूल म्हटलं की आजही आपल्या डोळ्यांसमोर याच गावाचं धुकं येतं.

मी गेलो तो आठवड्यातला मधला दिवस होता. सेंट पीटर्सच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. मुलांचे तास चालू होते, म्हणून आत जाण्याचा आग्रह धरला नाही. सिल्व्हर ओकच्या शेंड्यांवर ढग उतरले होते आणि आतून कुठून तरी मुलांचा कालवा ऐकू येत होता. आठ वर्षांच्या मुलाला हे सगळं कसं दिसलं असेल, एवढंच मी बघत होतो.

फरोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६चा, झांझिबारचा. बुलसारा हे आडनाव गुजरातेतल्या बुलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. वडील बोमी बुलसारा झांझिबारच्या हायकोर्टात इंग्रज सरकारचे कॅशियर होते. लवंगांच्या त्या बेटावर मुलाच्या शिक्षणाची मनासारखी सोय नव्हती, म्हणून १९५५च्या सुमारास त्याला बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीला धाडलं. सुट्टी लागली की इतर मुलं घरी जात. याला दर सुट्टीत समुद्र ओलांडून जाणं कुठलं परवडायला? मग मुंबईच्या नातेवाइकांकडे. आईवडील आणि धाकटी बहीण कश्मिरा यांच्याशी त्याचं नातं त्या वर्षांत बरंचसं पत्रांतूनच टिकलं असणार.

पाचगणीनं त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे नाव. ‘फ्रेडी’ म्हणायला सुरुवात शाळासोबत्यांनी केली आणि मग घरचेही तेच म्हणू लागले. जगाला माहीत असलेलं नाव लंडनमध्ये नव्हे, सातारा जिल्ह्यात पडलं. दुसरी गोष्ट पियानोची. त्याच्या कानाला सूर पकडता येतो हे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. त्यांनी आईवडिलांना पत्र लिहिलं, की थोडी जादा फी भरलीत तर मुलाला रीतसर संगीत शिकवता येईल. बुलसारांनी ती भरली. फ्रेडी शाळेच्या कॉयरमध्ये गायचा आणि पियानोच्या परीक्षा देत देत चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला, प्रात्यक्षिकातही आणि लेखीतही. त्या पत्राचं मोल कसं करायचं? एका मास्तरानं कागदावर चार ओळी लिहिल्या आणि तीन हजार मैलांवरच्या एका कॅशियरानं घरखर्चात जागा केली. त्या बँडच्या मुळाशी एवढंच होतं.

परीक्षेच्या पियानोतून मात्र बँड होत नसतो. त्यासाठी बाहेरचा वारा लागतो, आणि त्या काळात तो रेडिओतून यायचा. इथे आपल्या एका मराठी माणसाचा हात अनवधानानं लागलेला आहे. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते उठले आणि रेडिओ सिलोनवर गेले. ‘बिनाका गीतमाला’ तिथेच रुजली. त्याच सिलोनवर इंग्रजी गाण्यांचंही ‘बिनाका हिट परेड’ होतं. विलायतेत आणि अमेरिकेत काय वाजतंय ते शॉर्टवेव्हच्या खरखरीतून मुंबई, पुणे, पाचगणी, पणजीपर्यंत यायचं. केसकरांना देशाचा कान घडवायचा होता, आणि त्यांची तळमळ खरी होती. पण पोरांचे कान सिलोनकडे लागले.

तेव्हा गाणं हातात राहत नसे, हे आज समजावून सांगावं लागतं. ते आठवड्यातून एकदा यायचं, तीन मिनिटं वाजायचं आणि जायचं. मागे नेऊन पुन्हा ऐकायची सोय नाही. ज्याला ते वाजवायचंय त्यानं तेवढ्यात चाल डोक्यात साठवायची. फ्रेडीच्या शाळासोबत्यांनी नंतर सांगितलेली आठवण हीच आहे: रेडिओवर ऐकलेलं गाणं तो पियानोपाशी जाऊन वाजवून दाखवायचा. बँडमध्ये त्याचं काम हे होतं. गाणं पकडून आणणारा तो, ते लोकांसमोर मांडणारा ब्रूस.

ते वाजवायचे क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी. क्लिफ रिचर्डच्या नावाशी जरा थांबतो. हा माणूस लखनौचा! १४ ऑक्टोबर १९४०ला तिथे जन्मलेला हॅरी वेब, १९४८ साली आईवडिलांबरोबर विलायतेला गेला. तिथे चेशंटच्या शाळेतल्या सोबत्यांना घेऊन त्यानंही आधी एक गाणाऱ्या मुलामुलींचा गटच काढला होता, ‘क्विंटोन्स’ नावाचा. १९५८च्या ऑगस्टमध्ये त्याचं ‘मूव्ह इट’ आलं आणि तो इंग्लंडभर गाजला. म्हणजे लखनौत जन्मलेल्या मुलाचा आवाज लंडनहून सिलोनला, सिलोनहून पाचगणीला आला, आणि झांझिबारहून आलेला पारशी मुलगा व्हिक्टरी राणा या नेपाळी मुलाच्या तालावर तो वाजवत होता. पाश्चात्त्य संगीत ‘बाहेरचं’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा प्रवास एकदा बोटानं नकाशावर काढून बघावा.

त्याच सुमाराला लिव्हरपूलमध्ये काय चाललं होतं? क्वारी बँक शाळेतल्या जॉन लेनन नावाच्या मुलानं १९५६च्या अखेरीस शाळेच्या नावावरूनच ‘क्वारीमेन’ हा बँड काढला होता. लॉनी डोनेगनच्या गाण्यांनी तिकडच्या पोरांना वेड लावलं होतं, आणि त्या तऱ्हेच्या वादनाला पैसे लागत नसत. आईचा कपडे घासायचा पत्र्याचा बोर्ड तालाला. बेससाठी चहाची रिकामी पेटी, तिला झाडूचा दांडा आणि एक दोरी. आसाम-सिलोनचा चहा भरून गेलेल्या प्लायवुडच्या पेट्या विलायतेत अशा वाजत होत्या. ६ जुलै १९५७ला वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत हा बँड वाजला आणि तिथे १६ वर्षांच्या जॉनला १५ वर्षांचा पॉल मॅकार्टनी भेटला. पुढच्या वर्षी, हेक्टिक्स सुरू झाले त्याच १९५८ साली, क्वारीमेननी पर्सी फिलिप्स नावाच्या गृहस्थाच्या घरगुती स्टुडिओत दोन गाणी मुद्रित केली. खर्च साडेसतरा शिलिंग.

हेक्टिक्सची एकही तबकडी निघाली नाही. ते शाळेच्या समारंभांत वाजवायचे, पाचगणीतल्या मुलींच्या शाळांतही त्यांचं कौतुक होतं, आणि त्यांच्या जगाची हद्द तेवढीच होती. मला ती हद्द फार मोलाची वाटते. तिथे तिकीट नव्हतं, परीक्षक नव्हते, जिंकायला काही नव्हतं. बोर्डिंगचा दिवस घंटेवर चालतो. उठायची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची. त्या घंटांमधून उरलेला जो वेळ, तो पाच मुलांनी आपल्या मनानं एका कामाला दिला. घरापासून लांब असलेल्या मुलाला असं स्वतःचं म्हणावं असं काम मिळणं, आणि त्यात चार जण आपली वाट बघत असणं, याची किंमत ज्यांनी बोर्डिंगचे दिवस काढलेत त्यांना कळेल.

बोर्डिंगमध्ये नव्हतो, पण मला ती थोडी कळते. आठवी-नववीत आम्ही चौघांनी असंच काहीतरी सुरू केलं होतं. एक बुलबुल तरंग, एक माऊथ ऑर्गन, एकाच्या मामाकडून आणलेला बोंगो, आणि मी डब्यात तांदूळ घालून खुळखुळा. गॅदरिंगला दोन गाणी बसवायची म्हणून शाळा सुटल्यावर तासभर थांबायचो. शाळेत पेटी होती, ती संगीताच्या खोलीत कुलपात असायची. आम्ही किल्ली मागितली. ‘आधी गणितात पास व्हा’, असं उत्तर मिळालं. मग पेटीशिवायच एक गाणं बसवलं, तेच वाजवलं, आणि दहावीच्या वर्षात सगळं थांबलं. बुलबुलवाला आज हार्डवेअरच्या दुकानात बसतो. त्याला मी परवा विचारलं, तर कुठल्या कडव्यानंतर मी खुळखुळा चुकवायचो हे त्याला अजून आठवतं. माझं वाजवणं कुणी इतकं कान देऊन ऐकलं होतं, ते बहुधा पहिल्यांदाच. त्या कुलपाबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

पुन्हा पाचगणीला येतो. १९६३ साली फ्रेडीनं शाळा सोडली आणि तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४मध्ये, तिथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला फेल्टममध्ये येऊन राहिलं. हेक्टिक्सची पाच मुलं पाच वाटांनी गेली. डेरिक ब्रँच इंग्लंडात नट झाला. ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ या गाजलेल्या विनोदी मालिकेत त्यानं गुप्ते नावाच्या हॉस्पिटलातल्या परिचारकाची भूमिका केली, आणि ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’मध्येही तो आहे. फरांग इराणी खाद्यव्यवसायात गेला. ड्रमवाला व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरलच्या पदापर्यंत चढला. १९९९ ते २००१ या काळात सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. एकाच खोलीत तालीम केलेल्या मुलांच्या या वाटा बघितल्या की, शाळेचा बँड ‘संगीतकार घडवण्यासाठी’ असतो हा समज टिकत नाही. पाचातला एकच संगीतकार झाला. म्हणून उरलेल्या चौघांचा बँड वाया गेला असं कोण म्हणेल?

आता लंडन. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या २०१८च्या चित्रपटाची गोष्ट लंडनच्या विमानतळावर सामान उचलणाऱ्या तरुण फ्रेडीपासून उलगडते. पाचगणीचं धुकं आणि पियानो त्यात दिसत नाही. ते एक असो. पण क्वीन या फ्रेडीच्या बँडमधल्या बाकीच्या तिघांची लहानपणंही मोठ्या पडद्यावर यायला हवी होती, इतकी ती एकमेकांना जुळतात.

ब्रायन मे हॅम्प्टन ग्रामर शाळेत होता. चांगली गिटार परवडत नव्हती. मग १९६३ साली वडिलांना, हॅरल्ड मे यांना बरोबर घेऊन त्यानं घरीच गिटार बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. सुरांना हेलकावा देणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा. तिच्या दांड्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. खुणांसाठी आईच्याच डब्यातली शिंपल्याची बटणं. बापलेकांना दोनेक वर्षं लागली. तीच ‘रेड स्पेशल’ तो आजतागायत वाजवतो. ती घेऊन त्यानं सोबत्यांबरोबर बँड काढला, ऑर्वेलच्या कादंबरीवरून नाव ‘१९८४’. गायक टिम स्टॅफेल.

रॉजर टेलर कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोचा. आठ-नऊ वर्षांचा असताना शाळेतल्या ‘बबलिंगओव्हर बॉईज’मध्ये युकुलेली वाजवत होता. मग ड्रमकडे वळला. ‘द रिअ‍ॅक्शन’ या त्याच्या बँडनं १९६६ साली कॉर्नवॉलची स्पर्धा जिंकली. लेस्टरजवळच्या ओडबीचा जॉन डीकन. वडील गेले तेव्हा तो ११ वर्षांचा होता. १४व्या वर्षी शाळासोबत्यांबरोबर ‘द अपोझिशन’ सुरू केला. आधी गिटार, मग गरज पडली म्हणून बेस. विजेच्या उपकरणांत त्याचा हात बसलेला. पुढे कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किटमधून त्यानं छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, आणि क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत ब्रायननं तो वर्षानुवर्षं वापरला.

टिम स्टॅफेल पुढे ईलिंगच्या आर्ट कॉलेजात गेला. तिथे त्याला भेटला फ्रेडी. टिमनं १९७०मध्ये ब्रायन आणि रॉजरबरोबरचा बँड सोडला आणि त्याच्या जागी फ्रेडी उभा राहिला. १९७१ला जॉन आला. माझ्या मते क्वीन हा चार शाळकरी बँडांचा मिळून झालेला बँड आहे, आणि तो तसाच ऐकला पाहिजे. त्यांच्यात कुणीही दुसऱ्याचं नुसतं साथीदार नव्हतं. चौघांनीही गाणी रचली आणि चौघांचीही गाणी गाजली. साथ करायची म्हणजे काय हे प्रत्येक जण शाळेत, पैसे नसताना, उसन्या वाद्यांवर शिकलेला होता. १९७५च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधला तो ऑपेराचा भाग आठवा. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक मुद्रित करत तो मोठा समुदाय उभा केला. त्यात शाळेच्या कॉयरमध्ये उभं राहून शेजाऱ्याचा सूर ऐकणारा मुलगा मला स्पष्ट ऐकू येतो.

१३ जुलै १९८५. वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’. ७२,००० माणसं समोर. क्वीनच्या वाट्याला साधारण वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की नव्यानं काही सांगू नये. फक्त सुरुवात बघा. फ्रेडी धावत मंचावर येतो, लोकांना हात करतो, आणि पियानोवर बसतो. पहिलं गाणं तो बसून वाजवतो. उठून, अर्धा तुटलेला माइकचा दांडा हातात घेऊन तो पुढे येतो ते त्यानंतर. मी ते चित्रण कितीदा बघितलं त्याला गणती नाही, आणि दर वेळी ती पहिली मिनिटं मला पाचगणीची वाटतात.

आपल्याकडची ही परंपरा तिथेच संपली नाही. गोव्यात शिवोलीचा रेमो फर्नांडिस शाळेत असताना सोबत्यांबरोबर ‘बीट ४’ नावाचा बँड चालवत होता. क्लिफ रिचर्ड, मग बीटल्स, मग स्वतःची गाणी. मुंबई-पुण्यात साठ-सत्तरच्या दशकांत पोरांचे असे किती बँड निघाले आणि परीक्षांच्या वेळापत्रकात विरून गेले. आमच्या मराठी शाळांतले ऑर्केस्ट्रे वेगळे. तिथे गाणी सिनेमाची, वाद्यं पेटी-ढोलकी-मेंडोलिन. पण तालमीची खोली तीच, रुसवेफुगवे तेच. आज फोनवर एकट्यानं अख्खं गाणं करता येतं आणि मुलं ते सुंदर करतात. मला त्याचं कौतुक आहे. तरी ज्या वयात दुसऱ्यासाठी थांबायला शिकायचं, त्या वयात थांबायला लावणारं कुणी शेजारी नसणं मला बरं वाटत नाही. ज्या शाळांमध्ये पेटी अजून कुलपात आहे, त्यांनी ती किल्ली मुलांच्या हातात द्यावी. गणित त्यानं बिघडत नाही.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. हेक्टिक्सचा फोटो मात्र आहे. त्यातल्या पाचही मुलांची नावं आपण आज सांगू शकतो, ती त्यांच्यातला एक जण जगप्रसिद्ध झाला म्हणून. तुमच्या घरातही असा एखादा फोटो असेल: गॅदरिंगचा, गणेशोत्सवाचा, कुणाच्या तरी गच्चीवरचा, चार-पाच पोरं, हातात गिटार नाहीतर ढोलकी, मागे पडदा. या दिवाळीत साफसफाई करताना तो हाती लागला तर बाजूला काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं साल लिहा, गावाचं नाव लिहा, कोण काय वाजवत होतं ते लिहा. आणि मागे बसून साथ करणाऱ्याचं नाव आधी लिहा.